व्हिएन्नाची रंगीत तालीम

चंदीगड, १२ एप्रिल

ती. विश्वनाथमामांना इंद्रायणीचा वाकून नमस्कार. (जयंतचाही. मुलांचा मी परस्पर घालते आहे, कारण सर्वेश सध्या फक्त कुत्र्यांना नमस्कार करतो.)

"लेकरं घेऊन निघालेल्या माणसाला वेळापत्रक लागत नाही, बाई, खिडकी लागते." आठवतंय का, मामा? तुम्ही कराडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतात, मी नऊ वर्षांची होते आणि शाळा सुटली की तुमच्या केबिनमध्ये बसून गृहपाठ करायचे. तीन पोरांची एक आई चिपळूणची गाडी किती वाजता पोचेल हे चौथ्यांदा विचारायला आली, तेव्हा तुम्ही तिला हे सांगितलंत आणि स्वतः उठून तिला खिडकीजवळची जागा मिळवून दिलीत. ज्या माणसाने आयुष्यभर घड्याळ पाळलं (मामी म्हणायच्या, यांना आमटी दोन मिनिटं उशिरा वाढली तर हे आमटी कुठे अडकली याची चौकशी लावतात) त्याने असं बोलावं याचं मला तेव्हा फार नवल वाटलं होतं. पस्तीस वर्षं ते वाक्य माझ्याजवळ नुसतं पडून होतं. आता ते कामाला आलं आहे, आणि जे काही झालं त्याची थोडी जबाबदारी तुमच्यावरही येते, म्हणून हे पत्र.

गुडघा कसा आहे? तुम्ही 'बरा आहे' असं लिहाल, म्हणून मी पुण्याला सुशांतला फोन करून वेगळी चौकशी केली. मुलगा तुमचाच, तोही 'बरा आहे' म्हणाला. जेवण वेळेवर होतं का, हे मी तुम्हाला विचारणार नाही, पण पुरेसं होतं का? मामींना जाऊन या ऑगस्टमध्ये दोन वर्षं होतील. सुशांत सांगत होता, तुम्ही अजून रोज सकाळी स्टँडवर जाता, तासभर बाकावर बसता आणि कुठल्याही गाडीत न बसता घरी येता. मी त्याला म्हटलं, बसू दे त्यांना. पण मला ते आवडलेलं नाही, हेही इथे लिहून ठेवते.

आता मूळ गोष्ट. जुलैत जयंतची बदली होते आहे, बायकामुलांना नेता येत नाही अशा हवाई तळावर. दोन वर्षांसाठी. (अशा जागेचं नाव पत्रात लिहीत नाहीत. लिहिलं तरी तुम्हाला नकाशात सापडणार नाही, मलाही सापडलेलं नाही.) आमची पूर्वी सात वर्षांची आहे, सर्वेश चार. दोन वर्षांनी सर्वेश सहाचा होईल, म्हणजे त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा बाबाशिवाय गेलेला असेल, हे मला दुधी चिरताना सुचलं आणि मी दुधीबरोबर थोडं बोटही चिरलं. तेव्हाच ठरवलं, की जूनमध्ये दहा दिवस चौघांनी अशा ठिकाणी जायचं, जिथून बोलावणं आलं तरी जयंतला तासाभरात ऑफिसात पोचता येणार नाही. भारतात असं ठिकाण नाही. म्हणून युरोप.

दोनच शहरं, मामा. पाच दिवस व्हिएन्ना, पाच दिवस प्राग, मध्ये चारएक तासांची आगगाडी. सकाळी सहाला शिट्टी फुंकणारा टूरवाला नको. मुलं थांबतील तिथे थांबायचं, झोपतील तिथे झोपू द्यायचं, कंटाळली तर चित्रांचं दालन सोडून बाहेरच्या पायऱ्यांवर बसायचं. मी जयंतला म्हटलं, आपण लवचीक सहल करू. त्याला शब्द फार आवडला. अडचण एवढीच झाली, की लवचीक म्हणजे काय याबद्दल हवाई दलाचं आणि माझं एकमत नाही.

त्यांच्याकडे लवचीक याचा अर्थ प्रत्येक दिवसाच्या तीन योजना, अ, ब आणि क, आणि तिन्हींच्या तीन-तीन प्रती. शिवाय अधिकाऱ्याला परदेशी जायचं तर परवानगी लागते, व्हिसालाही अर्ज लागतो, आणि दोन्हीकडे एकच रकाना वाट अडवून बसलेला: कोणत्या तारखेला कोणत्या गावी. जयंतने प्रामाणिकपणे लिहिलं, 'चार जून: सर्वेशच्या मनःस्थितीनुसार.' त्याच्या ऑफिसातल्या वॉरंट ऑफिसरांनी कागद परत आणून दिला आणि अदबीने सांगितलं, "सर, जगह का नाम लिखना पड़ेगा. मूड नहीं चलेगा." तेव्हा आम्ही मुकाट्याने जागांची नावं लिहिली. (फेब्रुवारीत तुम्हाला त्या आगगाडीचं वेळापत्रक मी सहज पाठवलं होतं. तुम्ही ते लाल शाईने तपासून परत पाठवलंत, 'ब्रनोला गाडी बदलायची तर थांबा फार थोडा, दोन लेकरं व बॅगा उतरणार कशा, पुढील गाडी घ्यावी' असा शेरा मारून. जयंतने तो कागद योजना ड म्हणून फाइलला लावला आहे.) परवानगीचं काय झालं ते शेवटी सांगते. आधी तालमीचं ऐका.

हो, तालीम. हवाई दलात तालमीशिवाय झेंडासुद्धा वर जात नाही, तर बायको कशी जाईल? गेल्या शनिवारी सेक्टर सतरा म्हणजे व्हिएन्ना आणि रविवारी मनीमाजरा म्हणजे प्राग, असं ठरलं. मोटार घ्यायची नाही, सिटी बसने जायचं, पाठीवर खरं सामान, ढकलगाडीत सर्वेश, आणि फोन घरी (परदेशात नेटवर्क गेलं तर काय, म्हणून). पूर्वी मात्र खुशीत होती. व्हिएन्नाचे तेवीस भाग आहेत आणि प्रत्येकाला नंबर आहे हे कळल्यापासून तिचा जीव भांड्यात पडला आहे. "मतलब सेक्टर ही हैं," ती म्हणाली. (मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीतून येतं.) चंदीगडात वाढलेल्या मुलीला बिननंबरच्या गावाची भीती वाटते. कराडला आली होती तेव्हा तिने तुम्हाला सोमवार पेठ कितवा सेक्टर असं विचारलं होतं आणि तुम्ही 'पहिला' म्हणून सांगितलंत. ती ते शाळेत सांगत असते.

व्हिएन्नाची सुरुवात संग्रहालयाने झाली. वाटेतल्या सेक्टर दहाच्या म्युझियममध्ये आम्ही सात मिनिटं होतो. त्यातली पाच सर्वेशने आग विझवायच्या वाळूच्या लाल बादलीसमोर काढली. शेजारी हजारदीड हजार वर्षांपूर्वीची दगडी मूर्ती होती, शांत, डोळे मिटलेली, आणि मला वाटतं तिलाही बादलीत जास्त रस होता. जयंतने वहीत नोंद केली, 'संग्रहालय: सात मिनिटे, उद्दिष्ट: बादली, साध्य.' मग सेक्टर सतराच्या चौकात कबुतरं. तिथे पाऊण तास. योजना अ, ब आणि क तिन्ही संपल्या तरी कबुतरं संपेनात. मी पायरीवर बसले आणि बघत राहिले. जयंत पाठीवर अकरा किलो घेऊन कबुतरांमागे धावत होता, सर्वेश त्याच्यामागे, पूर्वी दोघांना ओरडून नियम सांगत होती. लग्नाला बारा वर्षं झाली, पण हा माणूस धावताना इतका वाईट दिसतो हे मला माहीत नव्हतं. फार छान वाटलं.

हॉटेल म्हणून आम्ही शेजारच्या मिसेस गिल यांचा दिवाणखाना घेतला होता. या बाई निवृत्त बँक मॅनेजर. त्यांना स्वागतिकेचं काम दिलं आणि तिथेच चूक झाली. आम्ही दीड वाजता झोपलेला सर्वेश खांद्यावर घेऊन फाटकाशी पोचलो. त्या चष्मा लावून, रजिस्टर घेऊन व्हरांड्यात बसलेल्या. म्हणाल्या, "चेक-इन दो बजे है जी. मैं की कराँ." (मी तरी काय करू.) आम्हाला वाटलं गंमत. पण अठ्ठावीस वर्षं ज्यांनी लंच टाइममध्ये कुणाला आत घेतलं नाही, त्या आम्हाला घेणार होत्या? अर्धा तास आम्ही उन्हात फाटकाबाहेर. त्या मधूनमधून फाटकाच्या गजांतून लस्सीचे पेले देत होत्या, पण फाटक उघडत नव्हत्या. दोन वाजता उघडलं, आणि मग पासपोर्ट मागितले. पासपोर्ट घरी, फोनशेजारी.

रविवारी प्राग. युरोपातल्या जुन्या शहरात म्हणे मुद्दाम हरवायचं असतं, त्यातच मजा. जयंतला हरवता येत नाही, त्याला डोळे बांधून फिरवलं तरी उत्तर दिशा कळते. तरी मनीमाजऱ्याच्या जुन्या बाजारात, त्या अरुंद गल्ल्यांत, त्याने आम्हाला रांगेत उभं केलं आणि एकच नियम शिकवला: चुकामूक झाली की जिथे आहात तिथेच थांबायचं, हलायचं नाही, कुणीतरी शोधत येईल. पूर्वीकडून तीनदा म्हणवून घेतलं. मीही मान हलवली. मग दहा मिनिटांत एक हातगाडी आली, एक म्हैस आली, एक वरातीचा बँड आला, आणि बँड गेल्यावर बघते तर माझ्यासमोर नुसत्या बांगड्या.

मी थांबले. नियम होता. मुलं हरवलीत असं वाटलं, पण जयंत शोधतच असेल, मी हलले तर घोटाळा होईल, म्हणून बांगड्यांच्या दुकानासमोर खांबासारखी उभी. जयंतला वाटलं, आपण एकटेच मागे पडलो, मुलं इंद्रायणीजवळ आहेत, ती येईल शोधत. तो रजयांच्या दुकानासमोर उभा. आणि पूर्वी सर्वेशचा हात घट्ट धरून जिलबीच्या दुकानासमोर, सावधानमध्ये. अशी पंचवीस मिनिटं आम्ही चौघं एकमेकांपासून शंभर पावलांच्या आत उभे होतो, मामा, सगळे नियम पाळत, एकही माणूस शोधायला निघालेला नाही.

सुटका जिलबीवाल्या सरदारजींनी केली. त्यांनी पूर्वीला जिलबी दिली, तिने नको म्हटलं. (सर्वेशने तिची पण खाल्ली.) आत येऊन बस म्हणाले, तर तिने उत्तर दिलं, "हम खो गए हैं अंकल, हम हिल नहीं सकते." ते झारा हातात घेऊन भर रस्त्यात आले आणि असा आवाज लावला की बँडवाल्यांनीही मागे वळून बघितलं: "ओ जी, किसदे बच्चे ने?" (कुणाची पोरं ही?) गल्लीच्या दोन टोकांनी आम्ही दोघं धावत आलो आणि पोरांच्या डोक्यावर एकमेकांवर आदळलो. कुणीच कुणाला रागावलं नाही. पूर्वी फक्त बाबाला म्हणाली, "आप ढूँढने क्यों नहीं आए?" लढाऊ विमान उतरवणाऱ्या जयंतने घरी येताना बसमध्ये सर्वेशला मांडीवरून खाली ठेवलंच नाही, आणि वहीतही काही लिहिलं नाही.

मी ती पंचवीस मिनिटं पुन्हा पुन्हा आठवते. घाबरले होते हे खरं. पण बांगड्यांकडे बघत उभं राहणं सोपंही होतं. मला कुणी काही विचारत नव्हतं, मी नियम पाळत होते, चूक माझी नव्हती. पुढची दोन वर्षं मी अशीच उभी राहणार, असं काहीतरी मनात येऊन गेलं. मग ठरवलं, की नियम बदलायचा. आमच्या घरात इथून पुढे चुकामूक झाली की पूर्वीने थांबायचं आणि मी शोधायला निघायचं. जयंतने हा बदल तीन प्रतींत मान्य केला आहे.

बाकी इकडे क्षेम. गहू कापणीला आला आहे, ऊन वाढतंय, सर्वेशने बादली हवी म्हणून हट्ट धरला आहे. मोठ्यांना नमस्कार लिहायचा तर कराडात आता तुमच्याहून मोठं कुणी उरलं नाही, तेव्हा तोही तुम्हालाच.

तुमच्या केबिनमध्ये वाढलेली,
इंद्रायणी

ता. क. तुमच्या गुडघ्याचा पट्टा कोणत्या मापाचा ते कळवा. सहज विचारते आहे.

ता. क. दुसरा. परवानगी आली. पण तिच्या पाठोपाठ हुकूमही आला. बदलीआधी जयंतला एक कोर्स करायचा आहे, तो सहा जूनला संपतो. म्हणजे दहापैकी शेवटचे चारच दिवस. तो थेट प्रागला येईल. पहिले सहा दिवस, व्हिएन्ना आणि मधली आगगाडी, मी आणि दोन मुलं. हे मला गुरुवारीच कळलं होतं. पत्र यानेच सुरू केलं असतं तर तुम्ही दोन ओळींचा 'जपून जा' पाठवला असता आणि मग मला पुढचं लिहिताच आलं नसतं. सहल रद्द करू, असं जयंत म्हणाला. मी नाही म्हटलं. चार तर चार, पोरांना बाबा तिकडे कबुतरांमागे धावताना दिसला पाहिजे.

ता. क. तिसरा. मामींनी हट्टाने तुम्हाला पासपोर्ट काढायला लावला होता, तो सुशांतने मला कपाटातून काढून पाठवला. (त्याला बोलू नका, मी रडून मागितला.) त्यातलं एकही पान वापरलेलं नाही आणि मुदत अजून तीन वर्षं आहे. तुमचा व्हिसाचा अर्ज भरून झाला आहे, व्यवसायाच्या रकान्यात 'निवृत्त' लिहिलंय. चोवीस तारखेला सकाळी साडेदहाला पुण्यात बोटांचे ठसे द्यायला जायचं, सुशांत पासपोर्ट घेऊन तुम्हाला न्यायला येईल. सामान उचलायला नको तुम्ही, पोरांमागे धावायला तर नकोच. मी एकामागे धावत असताना दुसऱ्याजवळ बसून राहील असं कुणीतरी हवं आहे, आणि दिवस संपल्यावर मराठीत बोलायला कुणीतरी. तुम्ही मागच्या दिवाळीला गुडघा म्हणालात, गणपतीला पाऊस, माघातल्या लग्नाला 'बघू', तेव्हा यालाही नाहीच म्हणणार, मला माहीत आहे. तरी विचारते: सहा दिवस आमच्याबरोबर चला, मामा. नाही म्हणायचं असेल तर पत्राने कळवू नका. फोन करा आणि पूर्वीला तुम्ही स्वतः सांगा. मला सांगवणार नाही.