ब्रॉनी, तू नाही म्हणालीस म्हणून

सन्माननीय आमदार ब्रॉनविन ट्रेलोअर, म्हणजे आमची धाकटी ब्रॉनी, हिला लेस्टरदादाकडून आत्येभाऊ या नात्याने आशीर्वाद आणि मतदार या नात्याने कोपरापासून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? इकडे वॉलरूत सगळे खुशाल. तुझ्या ग्लेनिसवहिनीचा रक्तदाब आटोक्यात आहे (माझ्याशी बोलणं बंद केल्यापासून). खेकडे यंदा उशिरा आले, पण आले. मी मात्र सोमवारपासून घरात खुर्चीला टेकलेलो नाही. हे पत्रसुद्धा ओट्याशी उभा राहून लिहितोय, आणि दर दोन ओळींनी रेडिओचा कान पिळून येतोय. शुक्रवारी दुपारी तुमच्या पक्षाच्या नेतेपदासाठी अर्ज भरायची मुदत संपते. तोवर मला चैन पडेल असं वाटत नाही.

झालं असं की, तुमचा नेता डळमळायला लागल्यापासून धक्क्याजवळच्या पबात दुसरा विषयच नाही. जिंकणार कोण, यात कोणाला रस नाही गं. ते तुम्ही आपापसात ठरवालच. मुळात उभं कोण राहणार, यावर पैजा. पबवाल्या डार्सीने बारमागच्या फळ्यावरचा माशांचा भाव पुसला आणि तुम्हा आमदारांची नावं खडूने लिहिली. त्यात तुझंही नाव! ऊर भरून आला. (तुझ्या नावाखाली मुशीचा जुना भाव अजून पुसट दिसतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.)

आता तुम्हा लोकांची रीत इथलं शेंबडं पोरही जाणतं. जो म्हणतो, "नेत्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे," तो घरी सुरीला धार लावत असतो. जो म्हणतो, "तूर्त माझा तसा विचार नाही," त्याचं भाषण लिहून तयार असतं. आणि तू? ईस्टरला इथेच, माझ्या अंगणात, हातात खिम्याची पेस्टी धरून म्हणालीस, "दादा, मी उभी राहणार नाही. मला ते काम नको." इतका स्वच्छ नकार! मी मनात म्हटलं, पोरगी तयार झाली. पुढची मुख्यमंत्रीच म्हणायची.

त्याच भरात मी पबात गेलो, तर माझा मेहुणा नेव्हिल मुळातच चुकीच्या स्टुलावर, म्हणजे माझ्या, बसला होता. तो म्हणाला, "ब्रॉनी उभी राहायची नाही." मी म्हटलं, "तुला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही." तो म्हणाला, "मग लाव पैज." मी जिंकलो तर नेव्हिलने जन्मात मला सल्ला द्यायचा नाही. आणि तो जिंकला तर (हे वाचताना बसून घे) होडी त्याची. होय, तीच. मामांनी स्वतःच्या हाताने बांधलेली आणि माझ्या हवाली केलेली. तुझ्या बाबांची होडी मी पैजेवर लावली हे कळल्यापासून वहिनीचा रक्तदाब उत्तम आहे, हे वर सांगितलंच.

मग नुसतं बसवेना. खात्री करायला तुझी केशकर्तनवाली शार्मेन आहे ना, तिच्याकडे काडिनाला गेलो. नेतेपदाला उभा राहणारा माणूस आधी केस कापतो, हे मी तीस वर्षं टीव्हीवर पाहत आलोय. पण नुसतं विचारायला गेलेल्या माणसाला ती बाई दारात उभं करत नाही. आधी खुर्चीत बसवलं, मग डोकं धुतलं, मग कसलासा लेप फासला. तेव्हा कुठे म्हणाली, "ब्रॉनीने शुक्रवारची वेळ रद्द केली. मासे धरायला जाणार म्हणाली." मी आनंदाने उडालोच! म्हटलं, बघा, मासे! असली पातळ थाप फक्त उमेदवारच मारतो. घरी आलो तो तांबूस केसांनी. कुत्रा अजून भुंकतो.

पण काल तुझी रेडिओवरची मुलाखत ऐकली आणि माझी खात्री डळमळली. आवाज फारच निवांत होता गं. तब्येतीला जप, गुडघ्याला शेक दे.

तुझा,
लेस्टरदादा

ता. क. एक बारीकसं काम होतं. शुक्रवारी नुसता अर्ज भरशील का? जिंकायचं नाही, भाषण नाही. सकाळी भरायचा, मी पैज जिंकलो की संध्याकाळी मागे घ्यायचा. कारण गुडघा सांग. मामांच्या होडीसाठी एवढं करच.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच पबातून डार्सीचा फोन. तू आत्ता पुन्हा बोललीस म्हणे, "मला शनिवार-रविवार घरी राहायला आवडतं, मी उभी राहणार नाही." अख्खा पब खो खो हसला आणि जो तो उठून तुझ्यावर पैसे लावायला लागला. हसला नाही तो एकटा नेव्हिल. म्हणाला, "हसता काय रे? ती बापावर गेलीय. जे असेल तेच बोलते." ब्रॉनी, हे मी म्हणायला हवं होतं. तुला अंगाखांद्यावर मी खेळवलं आणि तुला आमदार समजून बसलो. लाज वाटते.

तेव्हा वरचं काम रद्द. अर्ज भरू नकोस, कोणी कितीही गळ घातली तरी. तू भरलास तर त्या पबात तुझ्यावर विश्वास ठेवणारा होता तो एकुलता एक माणूसही खोटा पडेल. होडी आजच धुऊन नेव्हिलच्या दारात लावतो. बरोबर माणसाकडे चाललीय, हेच तर सहन होत नाही.