फोटो आपापल्या जागी

१२ ऑक्टोबर २००३
समाजाच्या वधू-वर पुस्तिकेची वेबसाइट करायचं काम मला मिळालं! बाबा मंडळाचे सचिव आहेत म्हणून मिळालं, असं लोक म्हणतीलच. म्हणोत.
माझे आजोबा, नानाजी, म्हणाले, "दीडशे पोरापोरींचे पानं बनवता बनवता तुहंच लग्न होऊन जाईन." त्यांना काय माहीत — मी पानं बनवतच नाही. एकच चौकट केलीय. ती यादीतलं एकेक नाव घेते, फोटो लावते, यादी संपली की थांबते. झकास चाललंय.
नागपूरच्या कंपनीचं पत्र आलं. एक डिसेंबरपासून नोकरी. बाबांचं एकच — "पहिले लग्न. मंग नवरा पाठवन तर जाजो."

१९ ऑक्टोबर
फजिती. काजलचं लग्न जमलं म्हणून यादीतून तिचं नाव काढलं, आणि गुंजनच्या नावाखाली धीरजचा मिशीवाला फोटो! तिची आई आमच्या दुकानात येऊन बाबांना म्हणाली, "माह्या पोरीले मिशा काऊन लावल्या?"
चूक माझीच. नावांची यादी वेगळी, फोटोंची वेगळी. पहिल्या नावाला पहिला फोटो, दुसऱ्याला दुसरा. एक नाव गेलं नि पुढचे सगळे सरकले.
आता ज्याच्या-त्याच्या नावाच्या ओळीतच त्याचा फोटो. कुणीही गेलं तरी बाकीचे हलणार नाहीत.

२१ ऑक्टोबर
बाबांना यादी भरायला शिकवली. दोन बोटांनी टाइप करतात, पण चुकत नाहीत.

३० ऑक्टोबर
यादीच्या शेवटी नवीन नाव — मयुरी सदाशिवराव. म्हणजे मी! निळ्या साडीतला फोटो. पुढे 'गृहकृत्यदक्ष'. मला धड चहा जमत नाही.
भयंकर राग आला. एक ओळ पुसायची, बस. पण दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी परस्पर पुसली असती का? जेवताना बाबांना म्हटलं, "तुम्ही टाकलं, तुम्हीच काढा."

९ नोव्हेंबर
बोरगाव मेघेच्या सभागृहात मेळावा. मंडळाचे अध्यक्ष वासुदेवराव मुद्दाम म्हणाले, "ही पोरगी आत्ता आली. हिले दाखव बरं." मी तिचा फोटो जोडून एक ओळ लिहिली. पडद्यावर तिचा चेहरा आला. अख्ख्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या.
बाबा चहाच्या टेबलाशी जो भेटेल त्याला सांगत होते, "माह्या पोरीनं बनवलं." तीनदा ऐकलं. खूप अभिमान वाटला — स्वतःचाच.

१० नोव्हेंबर
सकाळी पेज उघडलं तर माझा फोटो गायब. काही बिघडलं असेल म्हणून यादी पाहिली. माझं नावच नव्हतं. बाकीचे सगळे आपापल्या जागी.
बाबा चपला घालत म्हणाले, "तुहं नाव काढून पाह्यलं मी, कोणीच सरकलं नाई. एक तारखेले तुले नागपूरच्या गाडीत बसवून देतो."