असला माल सुटणार नाही

ता. ३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही ठीक आहोत, म्हणजे मी ठीक आहे आणि अण्णा सगळ्या जगाला नावं ठेवण्यात मग्न आहेत. डोळे गेल्यापासून त्यांना चहाचा वास येतो, उशीचा वास येतो, माझा तर दारातूनच येतो, आणि यातला एकही पसंत नाही. काल भाजी चिवडून ताट सारलं आणि विचारलं की ही आधी कुणी चावून ठेवली होती का.

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी मागच्या खोलीतल्या त्यांच्या छोट्या रेल्वेसाठी एक वस्तू आणली. मालगाडीच्या सपाट वाघिणीवर ठेवायचा लाकडांचा भार, तयार, प्लॅस्टिकचा, एकसंध. जन्मभर मालधक्क्यावर भरलेल्या वाघिणी तपासलेला आपला बाप, म्हटलं खूश होईल. त्यांनी त्यावरून एकदाच बोट फिरवलं आणि मेलेल्या पालीला लागल्यासारखं ते झटकून सदऱ्याला पुसलं. म्हणाले, ही साबणाची वडी आहे, आणि आंधळ्याला काहीही चालतं असं समजणाऱ्याच्या घरात रेल्वे ठेवायचीच नाही. आता खेळण्यांचा दुकानदार महिनाअखेरीस सगळी मांडणी न्यायला येणार आहे, काचेच्या कपाटात ठेवायला.

तो नग सोबत पाठवतोय. माझ्याच्याने तो घरात बघवत नाही.

मोठ्या बहिणीने रागावतानाही लोभ ठेवावा, ही विनंती.

तुझा,
ढब्बू

ता. ८ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल उघडलं आणि जेवणावरची वासनाच उडाली. शी! फळ्यांना टोकं नाहीत, मधे फट नाही, बांधायचे पट्टे नुसते रंगवलेले. हे अण्णांच्या हातात देताना तुला काहीच कसं वाटलं नाही?

आता नीट ऐक. दिवसातून एकदा अण्णा भिंत चाचपत त्या टेबलापर्यंत जातात. रेल्वे गेली की ते खुर्चीतून उठायचे नाहीत, आणि मग किती दिवस राहतील हे तू औषधांच्या दुकानात बसतोस, तुला मी काय सांगू. दुकानदार यायच्या आत खरा भार तयार कर.

लाकडाच्या पातळ पट्ट्या काप, सगळ्या एका मापाच्या नकोत. टोकं मागेपुढे राहू देत. दर थरामध्ये आडव्या चिपा घाल, खऱ्या धक्क्यावर घालतात तशा. वाघिणीच्या कडेला खाचा आहेत, त्यात खुंट्या ठोक आणि समोरासमोरच्या खुंट्या वरून दोऱ्याने बांध. दोरा मेणातून ओढून घे, नाहीतर त्याला मिशा फुटतात. तळाशी एक लोखंडी नट लपव, म्हणजे वळणावर वाघीण आडवी होणार नाही.

आणि सरस लावायचा नाही! माझ्या बाइंडिंगच्या दुकानात मी दिवसभर त्या घाणीत असते, म्हणून सांगते. अण्णा वाघीण दुसरीवर आदळवून बघणार. त्या धक्क्याने फळी जराशी हलली पाहिजे, पण खुंट्यांच्या बाहेर जाता कामा नये. भार धरायचा तो दोऱ्याने आणि खुंट्यांनी.

आळस झटक. माया आहे म्हणूनच तोंड सोडलंय, हे ध्यानात ठेव.

तुझी,
अक्का

ता. १९ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

झाला एकदाचा भार. मला या कामाचा इतका वीट आलाय की रस्त्यात लाकडाची वखार दिसली तरी मी तोंड फिरवतो. गोळ्या मोजायचा चिमटा यात वाकला. बोटांना मेण, नखांत भुसा. परवा एका गिऱ्हाइकाने माझ्या हातातलं खोकल्याचं औषध घ्यायचंच नाकारलं, आणि त्याचं काही चुकलं नाही.

फळ्या जुन्या दिसाव्यात म्हणून मी एकेक फळी कडक चहात भिजवली. कुठे फिकट, कुठे गडद, असा सुरेख रंग चढला. सगळं वाळल्यावर लक्षात आलं की हे बघणार कोण? हसू नकोस. मी पण हसलो नाही.

एक सांगून टाकतो. मधली फळी सारखी सरकत होती. चार वेळा सगळं उतरवलं, चार वेळा रचलं, आणि शेवटी माझं डोकं फिरलं. सुताराकडून सरस आणला आणि आतून जरासा लावला. सगळ्याच थरांना. काय ती दुर्गंधी! पण आता वाळलाय, आणि बाहेरून कळत नाही.

बोलणी खायला तयार आहे. लोभ उरला असेल तर कळव.

तुझा,
ढब्बू

ता. २८ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दुकानदार काल खोकी घेऊन आला. गाडी सुटायच्या आधी एकदा भार तपासून देतो, असं अण्णांनी त्याला सांगितलं, आणि मी वाघीण त्यांच्या हातात दिली.

टोकांवरून बोट गेलं, चिपांवरून गेलं, एकेक खुंटी त्यांनी हलवून पाहिली. चेहरा निवळत चालला होता. विचारलं, दोरा मेणातून ओढलाय का? मी हो म्हटलं. मग त्यांनी वाघीण दुसरीवर आदळवली. काडीही हलली नाही. मी दुकानदाराकडे ऐटीत बघितलं.

अण्णांनी पुन्हा आदळवली. मग वाघीण नाकाशी नेली आणि चेहरा असा काही झाला की मी दोन पावलं मागे सरलो. ओकारी यावी तसं त्यांनी विचारलं की सरस कुठल्या गाढवाने लावला. लाकूड प्रवासात बसतं, दोर सैल पडतात, ते पुन्हा आवळावे लागतात, त्यासाठीच तर धक्क्यावर माणूस ठेवतात. चिकटवून टाकलंत तर माणूस कशाला हवा? असला माल त्यांच्या यार्डातून कधी सुटला नाही, आजही सुटणार नाही. दुकानदाराने चाचरत विचारलं, मग कधी येऊ? तर उत्तर मिळालं की सगळ्या वाघिणी तपासून होईपर्यंत गाडी अडकवली आहे.

तो रिकामी खोकी घेऊन गेला. अण्णांनी पातं मागितलं, चिमटा मागितला, चिमटा वाकलाय म्हणून मला शिव्या दिल्या, आणि संध्याकाळपर्यंत टेबलाशी बसून एकेक फळी सोडवली. बोट कापलं तर बांधूसुद्धा दिलं नाही. रात्री स्वतःहून जेवायला मागितलं. दोनदा वाढून घेतलं आणि दोन्ही वेळा नावं ठेवली. अक्का, मला स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुवावं लागलं.

अजून बऱ्याच वाघिणी रिकाम्या आहेत. त्या आता शहाण्यासारख्या, बिनसरसाच्या भरून ठेवू ना? तुझा लोभ मिळण्याजोगं काहीतरी हातून घडू दे.

तुझा,
ढब्बू

ता. ५ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

खबरदार, एकही वाघीण नीट भरशील तर! घाणेरडं काम ही आपल्या घराण्यात फक्त तुला मिळालेली देणगी आहे, ती आता कुठे उपयोगी पडतेय. एक वाघीण त्यांनी सोडवून बांधली की दुसरी चिकटवून पुढे ठेवायची. शिव्या मुकाट्याने खायच्या.

सोबत माझ्या दुकानातला सरस पाठवतेय. सुताराच्या सरसापेक्षा याचा वास फार वाईट आहे.

अण्णांचा संताप आणि माझा लोभ, दोन्ही तुझ्यावर असेच राहोत.

तुझी,
अक्का