मांचू राजपुत्र आणि मंगळवारची पाहणी

३ मार्च, सोमवार

राजपुत्र अखेर वारला. तीन रविवार पुरवणीतल्या माझ्या लेखमालेत जगवला, आता उरलं घराणं. पट्टराणी एक, दुय्यम बायका चार, मुलगे नऊ — आणि नवांचीही नावं एकाच अक्षराने सुरू होतात. चीनच्या मांचू राजघराण्याची पद्धत, पिढीची खूण नावातच. चौथ्यानंतर मला कोण कुठला कळेना, म्हणून वंशावळीचा तक्ता करून बैठकीच्या भिंतीवर चिकटवला.

मेघा म्हणाली, "पुढच्या मंगळवारच्या आत काढा तो." मंगळवारी दत्तक संस्थेच्या बाई घर बघायला येणार. लग्नाला एकवीस वर्षं, अर्जाला चौदा महिने. मूल द्यायचं की नाही ते या बाईंच्या अहवालावर.

७ मार्च, शुक्रवार

उमरेडहून दादाचा फोन. "काहून गा, पन्नाशी उलटल्यावर तुले हे कायले? घरातलंच घे ना. माह्या विक्कीले ने."

विक्की एकतीस वर्षांचा. हिंगण्याला कंपनीत, दोन लेकरांचा बाप. म्हटलं, त्याला विचारलंस?

"त्याले काय विचारायचं?"

धर्मशास्त्रात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. मोटारसायकलवर येणारा तेरावा कुठे सापडला नाही.

११ मार्च, मंगळवार

तक्ता काढायचा राहिला.

संस्थेच्या दीक्षाबाई जेमतेम तिशीच्या. पाण्याचा पेला घेऊन थेट भिंतीसमोर उभ्या. 'दुय्यम पत्नी चार' तिथे दोनदा वाचलं असावं.

"सर, हे... घरचंच का?"

मेघाने माझ्याकडे जे पाहिलं त्याला संस्कृतातही शब्द नाही. मी म्हटलं, नाही, पेकिंगचं.

"आमच्याकडे दुय्यम एकच," मेघा म्हणाली. "हे."

बाई हसल्या. मग सहाव्या मुलावर बोट ठेवलं — "याला लाल शाई कशाला?" सांगितलं: हा निपुत्रिक काकाला दिला. त्या दिवसापासून जन्मदात्याला काका म्हणायचं आणि उरलेल्या आठ भावांना चुलतभाऊ. दरबारचा हुकूम.

"त्याला कोणी विचारलं होतं?"

"कागदोपत्री तशी नोंद नाही."

त्यांनी वही उघडून बराच वेळ काहीतरी लिहिलं. स्वयंपाकघर पाहिलं, गच्ची पाहिली, पोहे घेतले नाहीत. मी पत्रकार आहे — लिहिताना कुणी वर बघत नसेल तर मजकूर आपल्याविरुद्ध असतो.

१२ मार्च, बुधवार

मेघा दुपारी संस्थेत जाऊन आली. "अर्जात थोडी दुरुस्ती होती." पिनकोड मीच चुकवला असणार. आज वाद घालायच्या परिस्थितीत नाही.

१६ मार्च, रविवार

घराण्याचा लेख छापून आला. दादाचा फोन — "तुह्या राजपुत्राले पाच बायका, अन् एकीनंबी त्याले पसारा आवर म्हटलं नाही?" तक्त्याची बातमी उमरेडला कुणी पोचवली, विचारायची गरज नाही.

३० एप्रिल, बुधवार

अहवाल अनुकूल. 'घरात मोकळेपणा आहे' असं लिहिलंय. मेघाने ते वाक्य मला तीनदा वाचायला लावलं. मग ऊन, कूलर आणि वाट बघणं.

१९ जून, गुरुवार

दीक्षाबाईंचा फोन. मुलगी सात वर्षांची, तिचा भाऊ चार. वेगळं करायचं नाही. "भावंडं चालतील असं मॅडम मार्चमध्ये स्वतः येऊन लिहून गेल्यात. तुमचंही तेच ना, सर?"

हो म्हणालो. मग मेघाला सांगायला गेलो, तर ती दारातच उभी होती.