अरबाबांचा याक आणि माझा फर्स्ट क्लास

अल कुसैस, दुबई
१४ मे १९९८

तीर्थस्वरूप दौलतमामा यांना तन्मयचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा दमा? इथे हेमा आणि आमची छोटी केया मजेत आहेत. मजेत नाही तो मी, आणि एक याक.

आमचे अरबाब (इथे मालकाला असंच म्हणतात) शारजाबाहेरच्या फार्मवर हौसेने जनावरं पाळतात. याकच्या दोन माद्या होत्याच, दिवाळीच्या सुमारास नर आणला. तो तपासून पसंत करायचा मी, कारण फार्मचा जनावरांचा डॉक्टर मी. वळू घेताना आधी कुठे हात घालायचा हे कॉलेजात तुम्हीच शिकवलंत. पण मामा, याक म्हणजे गुडघ्यापर्यंत गोधडी पांघरलेली म्हैस! त्यात शिंगं माझ्याच दिशेला, आणि कॉफी-खजूर घेऊन उभ्या पाहुण्यांचं ‘मबरूक, मबरूक’ असं अभिनंदन आधीच सुरू झालेलं. (अशा वेळी यजमानाला थांबवणं म्हणजे अक्षता पडताना मुलाचं शिक्षण विचारणं.) मी घाईने केसांत हात घातला, दोन गोळे लागले, आणि ऐटीत म्हणालो, “फर्स्ट क्लास!” ते केसांचे गुंते होते.

वृषण पोटातून खाली उतरलेच नव्हते, एकही नाही. गड्याचा उत्साह दांडगा, म्हणून शंकाही आली नाही. माद्या काही गाभण राहीनात, तेव्हा गेल्या महिन्यात धीर करून नीट तपासलं आणि घोटाळा कळला. अरबाबांनी विचारलं, “डॉक्टर, बच्चा किधर?” मी उन्हाला दोष दिला. त्यांनी लगेच गोठ्याला आणखी दोन एसी बसवले. याक आता गारव्यात रवंथ करतो, आमच्या फ्लॅटचा एसी मात्र गळतो. हेमा म्हणते, “यल्ला, खरं काय ते सांगून टाक आणि खलास कर.” जीभ रेटत नाही. एवढं धूड समोर उभं, आणि मला नेमकं तेवढंच तपासता येऊ नये! फार लाज वाटते, मामा.

आपल्या आशीर्वादाचं जुनं गिऱ्हाईक,
तन्मय

ता. क. अरबाब म्हणाले, “दूसरे डॉक्टर को दिखाओ, हबीबी.” माझ्या तोंडून निघून गेलं की परभणीचे माझे प्रोफेसर मामा म्हणजे हिंदुस्थानातले याकचे सर्वांत मोठे जाणकार. त्यांनी लगेच काढलेला तुमचा व्हिसा आणि तिकीट सोबत आहे. इथे पिकल्या केसांना मान आहे. खरं काय ते तुम्ही समजावलंत तर ते ऐकतील.

ता. क. २. तुम्ही जन्मात याक पाहिलेला नाही, हे ठाऊक आहे. प्रजननशास्त्राच्या तोंडी परीक्षेत मला पास कोणी केलं, तेही ठाऊक आहे.

ता. क. ३. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो. तेव्हा तुम्ही आला नाहीत, तर आम्ही तिघं फ्रिजसकट तुमच्याकडे राहायला येतो.