गाळातलं तांबं आणि एदुविनाची काहील

२ मार्च
निर्णय पक्का. घरामागच्या ढिगाऱ्यातून तांबं काढणार. खाणवाल्यांनी दगड पिठासारखा दळला, जमेल तेवढं तांबं नेलं आणि उरलेला गाळ आमच्या डोळ्यांत उडवायला ठेवला. काम जीवाणू करतील. त्यांना पगार नको, युनियन नाही. मी फक्त मॅनेजमेंट बघणार. कारखान्याच्या गेटवर अर्धा जन्म वॉचमन होतो. धातुशास्त्र अंगात मुरलंय.

बायकोने, एदुविनाने, मुदत दिलीय: मेंब्रियोची फळं पिकेपर्यंत. तोवर तांबं दिसलं नाही, तर मुकाट्याने तिच्या भावाच्या भांड्यांच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं. त्या रिगोबेर्तोच्या हाताखाली! काय हा विश्वास नवऱ्यावर.

५ मार्च
खाणीच्या बंद बोगद्यातलं तांबडं पाणी आणलं. त्यात जीवाणू असतात, हे आमच्या खाणींच्या गावात, कोपियापोत, शेंबडं पोरही सांगेल. पिंपात गाळ, वर ते पाणी, त्यात लोखंडी खिळे. तांबं सुटलं की खिळ्यांवर तांबडा थर बसतो. माझे बाबाही असंच करायचे.
मग आडवा झालो. मॅनेजमेंट थकवते.

१९ मार्च
खिळे जसेच्या तसे. दोष वाळवंटातल्या रात्रीच्या थंडीचा. जीवाणू गारठतात. रिगोबेर्तो चहाला टपकला. म्हणे, काय दाजी, कामगार संपावर का?

२४ मार्च
मार्ग सापडला! एदुविना बहिणीकडे काल्देराला गेलीय. तिच्या आईची तांब्याची काहील भिंतीवर नुसती मिरवते. वर्षातून एकदा मेंब्रियोच्या वड्या आटवायला खाली उतरते. पिंपातलं सगळं तिच्यात ओतून चुलीशेजारी ठेवलं. जीवाणूंना ऊब, काहिलीला काम.

२९ मार्च
पाणी निळं!! म्हणजे तांबं पाण्यात उतरलं. नवे खिळे टाकले, जेवण होईतो तांबडे! खाणकामगारांच्या संत लोरेन्सोला मेणबत्ती लावली, मग रिगोबेर्तोला फोन. म्हटलं, काउंटरला दुसरा माणूस बघ. तो म्हणे, दाजी, एक खिळा दाखवायला तरी आणा. जळतो मेला.

३ एप्रिल
उत्पादन वाढतंच आहे. काहील मात्र थोडी गळते. जुन्या भांड्यांचं लोक उगाच कौतुक करतात.

६ एप्रिल
एदुविना परतली, मेंब्रियोची टोपली घेऊन. मी ऐटीत खिळे पुढे केले. तिने काहील रिकामी करून उजेडात धरली. बुडातून अंगण दिसत होतं. म्हणाली, तांबं गाळातून नाही निघालं, माझ्या आईच्या काहिलीतून निघालंय. मी समजावलं की यातून जीवाणूंची कार्यक्षमताच सिद्ध होते. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने ते तांबडे खिळे पुसले, फडक्यात बांधले आणि आईच्या फोटोपुढे ठेवले.

८ एप्रिल
दुकानात पहिला दिवस. व्यवस्था तात्पुरती, संशोधन चालूच राहील.
पहिलं गिऱ्हाईक एदुविना. फळं मऊ पडायला लागलीत. मी सगळ्यांत चांगली तांब्याची काहील काढून पुढे केली. म्हणाली, नको हो दुकानदार, अ‍ॅल्युमिनियमची द्या. आमच्या घरात तांबं टिकत नाही.