हायब्रिडचा अहवाल

नाशिक, ४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सायली शेजारी असते, म्हणून हे पत्र. वणीच्या तंत्रशाळेतून नेमणुकीचं पत्र आलं. मशीन शॉपचा शिक्षक! महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचाय. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, सांगायला रोज केबिनपर्यंत जातो आणि परत येतो. सात वर्षं त्यांनी कारखान्यात मला मुलासारखं वागवलंय. तिरसट असते तर सोपं गेलं असतं.

काल धीर करून आत गेलो, तर त्यांनीच काम दिलं. कंपनीसाठी गाडी घ्यायचीय. डिझेल, इलेक्ट्रिक की हायब्रिड, नीट तपासून लिहून दे म्हणाले. म्हटलं, जाता जाता एवढं चोख करावं. अहवालासोबतच राजीनामा देतो. दाजींना एवढ्यात सांगू नकोस, ते गावभर पेढे वाटतील.

आहे ती माया राहू दे.
तुझा,
हर्षल

वणी, ९ नोव्हेंबर

चि. हर्षल यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून नाचायची तेवढी राहिले. पण आधी राजीनामा दे बाबा, मग गाड्या बघ. तुझी खोड मला ठाऊक आहे. दहावीनंतर कुठलं कॉलेज हवं ते सांगायचं सोडून तू सगळ्या कॉलेजांच्या बसचं वेळापत्रक लिहीत बसलास, आणि शेवटी मामांनीच नाव घातलं.

सायलीला तरी सांग. तिला अंधारात ठेवून आलास तर मी तिला तोंड कसं दाखवू?

तब्येत सांभाळ, लिहीत जा.
तुझी,
उज्वलाताई

नाशिक, २० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अहवाल मन लावून लिहिला. गाडी तपासायला रस्ता हवा, तर माझ्या मनात एकच: अंबड ते द्वारका नाशिकच्या गर्दीतून, पुढे वणी, मग गडाचा घाट. त्यात हायब्रिडच बसली. गर्दीत ब्रेक मारता मारता बॅटरी आपोआप भरते, प्लग शोधावा लागत नाही, घाटात दमत नाही. मोकळ्या हायवेवर फार फायदा नाही, हेही लिहिलं. चार पानांत वणी नऊ वेळा आली, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

अण्णांच्या आलं. त्यांना वाटलं, पोराला बहिणीची ओढ आहे, पण बोलून दाखवत नाही. काल गाडी दारात उभी! कंपनीची, पण माझ्यासाठी. सगळ्या कामगारांसमोर किल्ली दिली, सायलीनं ओवाळलं, नारळ मला फोडायला लावला. दर रविवारी ताईकडे जात जा, सोमवारी नऊला इथे हजर, असं म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. राजीनामा अजून माझ्या खिशातच होता.

अडकलोय, ताई. ओरडावं तर कुणावर? कुणी वाईट वागलेलंच नाही. मला जमणार नाही, एवढं तू शाळेत कळवशील का?

रागावू नकोस.
तुझा,
हर्षल

वणी, २३ नोव्हेंबर

चि. हर्षल यास,
अ. उ. आ.

मी जाणार नाही. नकार द्यायचाच असेल तर तो तुझ्या अक्षरात जाईल. अजून आठवडा आहे. अण्णा भले आहेत म्हणतोस, मग त्यांना खरं सांगायची भीती कसली? एकदा सांगून तर बघ, माझ्या राजा.

रागावलेय खरी, पण तू माझाच आहेस.
उज्वलाताई

नाशिक, २७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नकार मीच लिहिला, मीच पोस्टात टाकला. गेलो त्याच गाडीतून. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, अजिबात आवाज येत नाही. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा कळलं, सिग्नल कधीच सुटलाय आणि मी रडतोय.

अण्णांना काही बोललो नाही, सायलीलाही नाही. आता सांगण्यासारखं उरलंय काय?

गाडी उत्तम आहे. अहवालातली एकही ओळ खोटी ठरली नाही.

रविवारी येतो. जेवायला लवकर वाढ. अंधाराच्या आत परत ये, असं अण्णांनी बजावलंय.

तुझा,
हर्षल